बिनताणाचा टॉवर

दातांच्या डॉक्टरांच्या परसातला टॉवर स्वतःच्या पायांवर उभा होता आणि नेमकं तेच त्यांच्या मेहुण्याला बघवत नव्हतं. मेहुण्याचा धंदा तंबूंचा. दोर न बांधलेली उभी वस्तू म्हणजे त्याच्या लेखी पडायची राहून गेलेली वस्तू. बहिणीकडे आला की तो चहाच्या आधी परसात जायचा, टॉवरला खालून वर न्याहाळायचा आणि आजारी माणसाला भेटून आल्यासारखा चेहरा करून आत यायचा.

डॉक्टरांना हौशी रेडिओचा नाद होता. दवाखाना बंद केला की मागच्या खोलीत बसून ते लांबलांबच्या लोकांशी गप्पा मारत. टॉवरच्या टोकाला भलीमोठी अँटेना होती आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्या दिशेला ती वळवायला एक मोटर. टॉवर बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं की पाया पक्का आहे, बाजूंनी ओढून धरणाऱ्या ताणाच्या तारा नकोत. पण मेहुण्याने डोक्यात किडा सोडला होता, म्हणून डॉक्टरांनी रेडिओवरच्या मित्रांना विचारलं आणि पंचाईत झाली. बोटीवर इंजिनियर असलेला मित्र म्हणाला, ताण अजिबात लावू नका, ते टॉवरला खाली ओढतात, नको तिथे जखडतात. मधमाश्या पाळणाऱ्या बाई म्हणाल्या, जरूर लावा, वारा काही कंपनीचं माहितीपत्रक वाचून येत नाही. मग ते दोघं एकमेकांशीच वाद घालत बसले. भल्याभल्यांच्या दाढा निमिषात काढून हातात देणारे डॉक्टर मात्र काही ठरवू शकेनात.

अशातच वादळाचा इशारा आला. दुपारी मेहुणा टेम्पोभर दोर घेऊन दारात हजर. डॉक्टरांनी इंजिनियरचं म्हणणं त्याला समजावून पाहिलं. तेव्हा त्यांची बायको म्हणाली, बांधा नाहीतर नका बांधू, पण जेवताना दर घासाला उठून खिडकीत जाणं बंद करा. ‘बांध बाबा’ म्हणून डॉक्टरांनी मान तुकवली. तेवढ्यात एका पेशंटची दाढ ठणकू लागली, म्हणून त्याच्याशी फोनवर बोलायला ते आत गेले.

मेहुणा चढला. जितकं उंच तितकं पक्कं, या हिशोबाने त्याने तीन दोर अगदी शेंड्याच्या पाइपला बांधले. तोच पाइप मोटरवर फिरतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खाली एक दोर झाडाला गेला, दुसरा पाण्याच्या टाकीच्या लोखंडी चौकटीला. तिसऱ्याची दिशा मात्र शेजाऱ्यांच्या आवारात जात होती. शेजारी वाद्यं दुरुस्त करत, गल्लीत सगळे त्यांना सूरवाले म्हणत. डॉक्टरांचं ‘हॅलो, हॅलो’ त्यांच्या स्पीकरमधून ऐकू येऊ लागल्यापासून त्यांनी डॉक्टरांशी बोलणं टाकलं होतं. विचारायला गेलो तर नाही म्हणतील, म्हणून मेहुण्याने न विचारताच तिसरा दोर त्यांच्या फाटकाच्या खांबाला बांधला.

फोन संपवून डॉक्टर रेडिओपाशी बसले. लावले बाबा एकदाचे ताण, असं त्यांनी जाहीर केलं. बाई खूश झाल्या. इंजिनियर काहीतरी कळवळून सांगत होता, पण नीट ऐकू येईना. म्हणून डॉक्टरांनी सवयीने अँटेना त्याच्याकडे वळवायचं बटण दाबलं. दिशा दाखवणारा काटा थोडा सरकला आणि अडला. त्यांनी बटण जोरात दाबून धरलं.

बाहेर दोर शेंड्याला गुंडाळू लागले. वाळत घातलेली चादर एका दोराने उचलली. झाड वाकलं, टाकीची चौकट कुरकुरली. सूरवाल्यांचा खांब मुळाशी कुजलेला होता, त्याने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. डॉक्टरांची बायको दारात येऊन शांतपणे म्हणाली, “अहो, शेजारचं फाटक आपल्या टॉवरवर चढतंय.”

डॉक्टर धावत बाहेर आले, तोवर सूरवालेही आले होते. खांबासकट लोंबकळणाऱ्या फाटकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते डॉक्टरांशी बोलले.

“ते माझं आहे.”

डॉक्टरांनी हात जोडले. मेहुणा मुकाट्याने पुन्हा चढला आणि त्याने दोर कापले. फाटक खाली आलं, पण दोन तुकड्यांत. सूरवाल्यांनी दोन्ही बगलेत मारले आणि ते चालू लागले. टॉवर पहिल्यासारखा मोकळा झाला आणि मागोमाग वारा सुटला.

वारा असा काही आला की अंगणातल्या बादल्या गल्लीत गेल्या. डॉक्टर खिडकीला चिकटून उभे राहिले. टॉवर डुलत होता, घुमत होता, पण जागचा हलत नव्हता. त्यांची बायको दुसऱ्या खिडकीत होती. तिने हाक मारली. सूरवाल्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्याचे छपराचे पत्रे एका बाजूने उचलले जात होते आणि खाली सूरवाले छप्पर धरून ठेवायला दोन्ही हातांनी एका वाशाला लोंबकळत होते.

डॉक्टर, त्यांची बायको आणि मेहुणा, तिघंही धावले. आत लोकांची वाद्यं होती, व्हायोलिनं, बासऱ्या, एक उघडलेला पियानो. आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्याला बहिणीकडे येऊन मनासारखं काम मिळालं. त्याने छपरावरून दोर फेकले, वाशांना वेढे दिले आणि मग भोवती पाहिलं. झाडं वेड्यासारखी हलत होती, आणि खांब तर मघाशीच उपटला गेला होता.

“बांधू कशाला?” त्याने विचारलं.

“टॉवरच्या पायाला,” डॉक्टर म्हणाले.

“झेपेल ना भाऊजी त्याला?”

“झेपेल. वरचा पाइप सोडून कुठेही बांध.”

वारा पडेपर्यंत पत्रे धडधडत राहिले, पण उडाले नाहीत. चौघंही नखशिखांत भिजून डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात बसले. डॉक्टरांच्या बायकोने चहा केला. डॉक्टर फाटकाबद्दल पुन्हा माफी मागू लागले, तेव्हा त्यांनी अडवलं. ते म्हणाले, फाटक उपटलं तेव्हा मी कुलूप लावून भावाकडेच निघालो होतो. फाटक गेलं म्हणून ते जोडायला थांबलो. मी घरी नसतो तर तुम्ही येईपर्यंत पत्रे कोणी धरले असते? मग मेहुण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “कारखान्यातलं एक व्हायोलिन एका मुलीचं आहे. या आठवड्यात तिची परीक्षा आहे.” मेहुण्याने त्यांना आणखी चहा ओतला.

मागच्या खोलीतून रेडिओवरचे मित्र काळजीने हाका मारत होते. डॉक्टरांनी सगळी हकीकत सांगितली आणि सूरवाल्यांना माइकसमोर बसवलं. टॉवर उभा आहे ना, मग ताण हवेत की नकोत, बाईंनी विचारलं.

सूरवाले माइककडे वाकले. “टॉवरला नकोत,” ते म्हणाले. “शेजाऱ्याला हवेत.”

पलीकडे इंजिनियर म्हणाला, बघा, मी जिंकलो. बाई म्हणाल्या, छे, मीच जिंकले. दोघांची पुन्हा जुंपली. सूरवाले बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले. मग माइकवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, “हे रोज असेच भांडतात?”

“रोज,” डॉक्टर म्हणाले.

सूरवाल्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. “मग उद्याही येतो.”