टिटवी, पेढा आणि पट्टा

एका जंगलात, मुलांनो, सगळेच सुशिक्षित झाले होते. हसू नका, होतं असं. सुशिक्षित झाल्यावर काय करतात? कुत्रा पाळतात. अस्वलीणबाईंनीही एक पाळला. वासराएवढा दांडगा. नाव काय, तर पेढा!

जंगलात मैदान एकच. संध्याकाळी पेढा तिथे मोकळा सुटायचा. आणि तिथेच एका टिटवीची तीन अंडी होती. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत. जमिनीवरच खळगा करून अंडी घालतात. तिचा इलाज नव्हता.

पेढा उधळला की तिचा जीव टांगणीला लागायचा.

“बाई, जरा धरा हो त्याला!”

“अगं, काही करत नाही तो,” अस्वलीणबाई म्हणायच्या. “खेळतोय नुसता.”

एकदा असंच खेळता खेळता त्याने एक अंडं फोडलं. टिटवी रडत हत्तीसाहेबांच्या कचेरीत गेली. साहेब फार हळवे. त्यांनी लगेच पाटी लावली: ‘मैदानात कुत्र्याला पट्टा सक्तीचा.’

टिटवीला हायसं वाटलं. भोळी बिचारी!

दुसऱ्या दिवशी पेढा आला. गळ्यात लाल मखमली पट्टा, वर घुंगरू. आणि सुटला की चौखूर!

“अहो, हा तर मोकळाच आहे!” टिटवी ओरडली.

“पट्टा आहे की गळ्यात,” अस्वलीणबाई म्हणाल्या. “दिसत नाही का तुला?”

टिटवी पुन्हा कचेरीत. “साहेब, पट्ट्याला दोरी नको? तिचं टोक कुणी धरायला नको?”

“पाटीवर पट्टा लिहिलाय, टोक नाही,” साहेब म्हणाले. “उगाच टोकाला जाऊ नका, बाई.”

त्या संध्याकाळी दुसरं अंडं गेलं. मग मात्र टिटवीचं डोकं फिरलं. तिने पेढ्याच्या नाकावर अशी चोच मारली, की तो केकाटत अस्वलीणबाईंच्या पदराआड लपला.

अरे बापरे! सगळं जंगल हळहळलं. सभा भरली. कोवळ्या जिवाला मैदानाची धास्ती बसली, त्याचं जेवण तुटलं, असं बरंच काही बोललं गेलं. पाटी बदलली: ‘मैदानात टिटवीला पट्टा सक्तीचा.’

या वेळी कुणी हयगय केली नाही. टिटवीच्या पायात पट्टा घातला, त्याला दोरी लावली आणि दोरीचं टोक खुंट्याला पक्कं बांधलं. अंड्यापर्यंत जायला दोरी वीतभर कमी पडत होती.

पेढा त्या शेवटच्या अंड्यापाशी येऊन थबकला. टिटवी पाय तुटेस्तोवर ओढ घेत होती, जिवाच्या आकांताने ओरडत होती.

“जा रे राजा, घाबरू नकोस,” अस्वलीणबाई लाडाने म्हणाल्या. “बांधलंय तिला.”

तात्पर्य: मैदानात अंडी घालायचीच असतील, तर आधी एक कुत्रा पाळावा.