टॉर्गर्सनांच्या गॅरेजची ओल

“दोन आठवडे द्या मला. गॅरेजची भिंत पायापासून अशी कोरडी करून देतो, की हात लावलात तर धूळ लागेल,” मर्व टॉर्गर्सन घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावातल्या निम्म्या गोठ्यांचे पाये मर्वनेच घातलेले, तेव्हा बढाई खोटी म्हणता येणार नाही. पण ही भिंत कोरडी व्हावी असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

त्याचं असं झालं. मुलगा कर्ट ॲरिझोनात राहतो. त्याने फोनवर सुचवलं, घर विका आणि इकडे या, इथे बर्फ उपसायला नको. फोन ठेवल्यावर मर्वने बायकोला विचारलं, “आर्डिस, तुला काय वाटतं?”

“मला काय, तुला चालत असेल तर मला चालेल.”

“तुला चालत असेल तर माझी काय हरकत?”

त्या गावात तोंडावर नाही म्हणायची रीतच नाही. नको असलेला कॉफीचा चौथा कपसुद्धा लोक मुकाट्याने पिऊन टाकतात. तेव्हा घर विकायचं ठरलं. त्या गॅरेजच्या दारात खुर्च्या टाकून दोघांनी आजवरच्या उन्हाळ्यातल्या संध्याकाळी काढल्या होत्या. कर्टची शाळा संपली तेव्हाची पंगत तिथेच बसली, मर्वच्या वडिलांना पुरून आल्यावर सगळे जेवले तेही तिथेच. हे सोडून वाळवंटात जायचं या विचाराने त्याला रडू यायचं. पण आर्डिसला नातवंडांची ओढ असणार, तिच्या इच्छेला मोडता कसा घालायचा? एवढ्यात गिऱ्हाइकाने अट घातली, की गॅरेजची ओल आधी गेली पाहिजे. मर्वला वाट सापडली. ओल गेलीच नाही, तर कुणालाच नाही म्हणावं लागणार नव्हतं.

काम त्याने मन लावून केलं. सिमेंटच्या ब्लॉकांवर चढलेला पांढरा लोणा तारेच्या ब्रशने खरवडला, भेगा छिन्नीने मोकळ्या करून भरल्या, वरून ओल अडवणारा रंग दिला. आणि गुरुवारी आर्डिस चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली, की तो शिडीवर चढून भिंतीच्या माथ्यावरची फळी सरकवायचा आणि दोन झाऱ्या पाणी आत ओतायचा. ब्लॉक आतून पोकळ. पाणी गुपचूप खाली उतरे आणि दुसऱ्या दिवशी रंगाला फोड येत.

“अरेरे, पुन्हा आली का ओल?” आर्डिस म्हणे.

“चिवट आहे,” मर्व म्हणे.

गिऱ्हाइकाकडून आणखी मुदत मागून घेतली. पण पुढे गणित बिघडलं. ओतावं दोन झाऱ्या आणि जमिनीवर तळं साचावं. मर्वने ओतणं बंद केलं, तरी तळं वाढलंच. खालच्या ओळीतल्या ब्लॉकाला बोट लावलं तर तो भिजलेल्या बिस्किटासारखा सुटला. कोपरा खचला, गॅरेजचं दार अर्ध्यावर अडकायला लागलं. आपल्या आगाऊपणाने जमिनीतला एखादा झराच फुटला, असं मर्व धरून चालला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! बरं, सांगणार कुणाला? त्याने बाहेरून चर खणला, भिंतीला डांबर फासलं, पन्हळीचं पाणी लांब नेऊन सोडलं. त्यात त्याची पाठ धरली. आर्डिस रोज संध्याकाळी ती शेकायची.

“मर्व, होत नसेल तर सोड,” ती म्हणायची. “सांगू त्याला, ओल जात नाही म्हणून.”

“होत नाही कसं? तुझं जाणं नाही अडायचं.” चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द त्याला टोमणा वाटायचा. आर्डिस आत निघून जाई.

रोज सकाळी मर्व पशुखाद्याच्या गिरणीवर आपल्या वयाच्या मंडळींबरोबर कॉफी प्यायला जात असे. एकदा गिरणीवाल्याकडे मयत झाली, म्हणून दाराला कुलूप होतं. तो तसाच माघारी आला. गॅरेजमध्ये शिडीवर आर्डिस उभी होती. फळी सरकवलेली, आणि बागेचा पाण्याचा पाइप ब्लॉकांच्या पोकळीत सोडलेला.

पाणी चालूच होतं.

“कधीपासून?” मर्वने विचारलं.

“तू पहिला रंग दिलास तेव्हापासून. इतका छान बसला होता, मला धडकीच भरली.”

“मी झारीने ओतत होतो,” मर्व म्हणाला.

आर्डिस हळूहळू खाली उतरली. “म्हणजे तुला ॲरिझोना नको?”

“मला तिथे मरायचंसुद्धा नाही.”

“मग बोलला का नाहीस, माणसा?”

“तू कुठे बोललीस?”

“मी कशी बोलणार? तू चालेल म्हणालास.”

शिडीच्या पायरीवर बसून ती रडायला लागली. मर्वने रुमाल पुढे केला. रुमालाला डांबर होतं, तरी तिने डोळे पुसले.

नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकाची गाडी दारात आली. चर, चिखल, कललेलं दार, सगळं बघून तो कळवळला.

“मिस्टर टॉर्गर्सन, नका हो एवढा त्रास घेऊ. राहू दे ती ओल. घर मी आहे तसंच घेतो, तुमच्या किमतीला. गॅरेज आता मी पाडूनच टाकीन.”

“बरं झालं की मग,” मर्व म्हणाला. सवयीने तोंडातून गेलं. त्याने आर्डिसकडे पाहिलं. तिने डांबराचा रुमाल मुठीत आवळला.

“नाही,” अखेर ती म्हणाली.

“काय म्हणालात?”

“विकायचं नाही. आम्ही इथेच राहणार.”

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने परक्याला नाही म्हटलेलं मर्वने कधी ऐकलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला. ती मात्र शरमेने लालबुंद झाली. लगबगीने घरात गेली आणि चर्चच्या जेवणासाठी केलेल्या लिंबाच्या वड्यांचा अख्खा ट्रे आणून तिने त्या माणसाच्या हातात ठेवला. त्यालाही नाही म्हणता आलं नाही. तो ट्रे मांडीवर घेऊन गाडीत बसला.

गाडी वळणापाशी पोचते न पोचते, तोच मागे धप्पकन आवाज झाला. खचलेल्या कोपऱ्यातले ब्लॉक एकामागून एक बाहेर आले आणि आत साठलेलं पाणी दोघांच्या पायांवरून रस्त्याकडे निघालं.

मर्वने एक ब्लॉक पायाने बाजूला सारला. “आता हा कोपरा सगळा पाडून नव्याने बांधावा लागणार,” तो म्हणाला.

आर्डिसने लांब जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं. “पाडायला त्यालाच बोलवू या का? वड्या घेऊन गेलाय. तो काही ‘नाही’ म्हणायचा नाही.”