पाच ताऱ्यांचा मिक्सर

जैनाबादचे केळीवाले श्री. निंबा पाटील यांच्या घरचा नवा मिक्सर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी, आयुष्यातल्या पहिल्याच फेरीला, घुर्र करून गप्प झाला. बाब किरकोळ दिसते. ती तशी नव्हती. निंबाच्या बायकोचा, कोकिळाबाईंचा, उजवा हात तापीच्या घाटावर घसरून मोडलेला होता आणि प्लास्टरात होता. मुलगी तृप्ती लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला जावयाला घेऊन उद्या सकाळी यायची होती. पुरणाची डाळ शिजून तयार होती, आणि वैशाखात शिजलेली डाळ कोणाची वाट बघत नाही; संध्याकाळी आंबते. डाळ वाटायला घरात हात नाही म्हणूनच तर मिक्सर आणला होता आणि त्याला ओट्यावर जागा हवी म्हणून पाटा भिंतीशी उभा केला होता.

"डाळ झाकून ठेवते," कोकिळाबाई म्हणाल्या. "जा अन् बदलून आणा. रिकाम्या हातानं येऊ नका."

मिक्सर आठवड्यापूर्वीच घेतला होता. शुभकार्यानेच उद्घाटन व्हावं म्हणून तो तोवर टॉवेलखाली ठेवला होता. रीतीप्रमाणे त्याला हळदकुंकू वाहिलं, पोटावर स्वस्तिक काढलं आणि बिल देवापुढे ठेवलं. आपल्याकडे वस्तू चालते ती कारखान्यामुळे नाही, देवामुळे. आता मोठ्या दुकानातलं बिल हे शाईचं नसतं, उष्णतेचं असतं. निरांजनाची धग लागली आणि सगळा कागद काळाकुट्ट झाला. निंबाने तो काळा कागद खिशात घातला, मिक्सर पिशवीत घातला आणि पूल ओलांडून बऱ्हाणपुरात, 'आनंदघर' नावाच्या त्या मोठ्या दुकानात आला.

दारावर पाटी होती : ग्राहक हाच आमचा देव. आपण देवाला कसं वागवतो हे ठाऊक असलेल्या माणसाने तिथूनच परत फिरायला हवं होतं. निंबा आत गेला.

परतीच्या काउंटरवर प्रतिभा नावाची मुलगी होती. तिने कागद उलटापालटा केला.

"काका, ये तो काळा आहे."

"बिलच आहे ते. देवाजवळ होतं."

"देवाजवळ कशाला ठेवलं?"

"मग कुठं ठेवू? तुमच्यावर भरोसा असता तर तुमच्याजवळ ठेवलं असतं."

"बिल वाचता येत नाही म्हणजे बिल नाही. बिल नाही म्हणजे खरेदी नाही. खरेदीच नाही तर परत काय करताय, काका?"

मागून रांगेतला एक जण म्हणाला, "चलो ना भाई, हमारे पास बिल है." बिलवाल्या माणसाला बिनबिलवाल्याचा फार लवकर कंटाळा येतो.

निंबाने पिशवी उचलली आणि रागारागाने दाराकडे निघाला. दारावर पंडित पहारेकरी होता. तोही जैनाबादचाच, रोज संध्याकाळी दोघे एकाच पारावर बसून तंबाखू मळायचे.

"पिशवीत काय?"

"मिक्सर. तूच तर बघितलास मघाशी आत नेताना."

"बघितला. पण दुकानातून वस्तू बाहेर नेताय, तर बिल?"

"पंडित, अरे मी निंबा!"

"पारावर तू निंबा आहेस, दादा. इथं तू बिनबिलाचा माल घेऊन चाललेला माणूस आहेस. गणवेश उतरला की संध्याकाळी ओळख देतो."

अशा रीतीने जो मिक्सर परत होत नव्हता, तो घरीही नेता येत नव्हता. निंबा पुन्हा काउंटरवर आला. तेवढ्यात कोकिळाबाईंचा फोन आला : "झालं का? डाळीला घाम फुटलाय." "होतंय," निंबा म्हणाला. सरकारी उत्तर नवऱ्यांना उपजतच येतं.

प्रतिभाला दया आली. "काका, मोबाइल नंबर सांगा. कंप्युटरमध्ये खरेदी सापडेल."

निंबाचा चेहरा पडला. दुकानं नंबर मागतात आणि मग जन्मभर पिच्छा पुरवतात, म्हणून बऱ्हाणपुरातला कुठलाही शहाणा माणूस खरा नंबर देत नाही. शेवटचा आकडा बदलून देतो. निंबानेही बदलला होता. तो बदललेला नंबर त्याने खाली मान घालून सांगितला. खरेदी लगेच सापडली.

"मिला! नंबर आमच्या जुन्या ग्राहकाचा आहे. नाव कडू महाजन, गाव जसोंडी. ग्राहक पूर्ण समाधानी. मिक्सरला पाच तारे दिलेत."

"तो मिक्सर मी घेतलाय!"

"सिस्टममध्ये ते आहेत, काका. त्यांना बोलावते."

कडू महाजन सिंधीपुऱ्यात आखाजीचे आंबे घेत होता. मोटारसायकलवरून लगेच आला. सगळी हकिगत ऐकून त्याने टोपी काढली, टकलावरून हात फिरवला आणि निंबाला जवळ बोलावलं.

"माझा नंबर देणारा तू आहेस होय! आठवडाभर माझा फोन वाजतोय. 'मिक्सर कसा वाटला?' अरे, कोणता मिक्सर? शेवटी पाच तारे दाबले, तेव्हा वाजायचा थांबला."

"चुकलं, भाऊ. आता फक्त एवढं सांग यांना, की मिक्सर माझा आहे."

"वा! मेसेज मी वाचायचे, तारे मी द्यायचे, अन् मिक्सर तुझा?"

"सर," प्रतिभा कडूला म्हणाली, "आपली काही तक्रार आहे का?"

कडूने खिशातला फोन पाहिला, काउंटरवरचा मिक्सर पाहिला. "आहे. चालत नाही."

नियम किती चपळ असतो, हे माणूस नियमात बसला की कळतं. जुना मिक्सर आत गेला, नवा बाहेर आला, दिलगिरी व्यक्त झाली, नवं बिल निघालं. नवा मिक्सर घेऊन निघालेल्या कडूला दारावर पंडितने सलाम केला. दुकानातला तो शेवटचा मिक्सर होता. बाजारातल्या जुन्या दुकानदाराकडेही संपले होते. "आधी तिकडं जाता, मग आमची आठवण येते," एवढं मात्र त्याने फुकट दिलं.

ऊन कलताना निंबा रिकाम्या हाताने घरी आला. कोकिळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दुकान, कंप्युटर, पंडित, कडू, कडूचं टक्कल.

"डाळ?" निंबाने विचारलं.

"अजून बरी आहे. तासभर धरेल."

"मग आता वाटणार कोण?"

कोकिळाबाईंनी डाव्या हाताने भिंतीशी उभा पाटा दाखवला. मग निंबाच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. धडधाकट, केळीचे घड खांद्यावर टाकणारे, लग्नापासून पाट्याला न लागलेले हात.

"रिकामेच आलेत ना?" त्या म्हणाल्या.

निंबा पाट्याशी बसला, आणि ऊठबस करत, कण्हत, पुरण वाटलं गेलं.

हे हात सकाळपासून घरातच होते. ते कुठल्या कंप्युटरमध्ये नव्हते, हे खरं. पण तुम्ही तर पहिल्या ओळीपासून सोबत आहात. मोडलेला हात तुम्ही पाहिलात, भिंतीशी उभा पाटा पाहिलात, आणि दुकानाला शिव्या घालत इथवर आलात. एकदा तरी सुचलं का तुम्हाला?