चित्राबरहुकूम पडझड

पडलेली भिंत उभी करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण पडलेली भिंत पडलेलीच राहावी, आणि तीही जेवढी पडायला हवी नेमकी तेवढीच, म्हणून रोज सकाळी शिडी लावून वर चढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सखाआबा.

बेलापूरपासून सायकलनं तासाभरावर असलेल्या एका गावात मी तेव्हा प्राथमिक शिक्षक होतो. अंगात नवी नोकरी, घरात नवी बायको आणि डोक्यात बाहेरून दिलेल्या बी. ए.चा इतिहास. या तिन्हींपैकी इतिहासानंच मला पहिल्यांदा तोंडघशी पाडलं.

गावाबाहेरच्या माळावर साहेबाचा बंगला होता. बंगला म्हणायचा एवढंच. काळ्या दगडाचा भलामोठा सांगाडा, टोकदार कमानी, कोपऱ्यात एक गोल बुरूज आणि त्याच्या वरच्या अंगाला माणूस आरपार जाईल असं खिंडार. भिंतींची शिखरं अशी उभ्या उताराची, की बर्फ घसरून खाली पडावं. आमच्या भागात बर्फ फक्त जत्रेत गोळेवाल्याच्या गाडीवर दिसायचं. शिवाय प्रत्येक खोलीत भिंतीच्या पोटात शेकोटीची जागा. मे महिन्यात जिथं कोंबड्या चोची उघड्या टाकून बसतात, तिथं शेकोटी!

मी चौथीचा वर्ग घेऊन गेलो. हातातली छडी बुरुजाकडे करून म्हणालो, "मुलांनो, हे खिंडार बघा. हा तोफगोळ्याचा मार आहे. गोळा दक्षिणेकडून आला असावा."

तेवढ्यात बुरुजाच्या माथ्यावरून आवाज आला, "गुरुजी, तोफ न्हाई ती. माझ्या बापानं क्येलंय ते."

वर पाहिलं तर धोतराचा काचा मारलेला, पन्नाशी उलटलेला एक काटकुळा माणूस शिडीवर उभा. एका हातात काचेची चौकट, दुसऱ्या हातात दगड. तो चौकटीत बघत होता, भिंतीकडं बघत होता, आणि दगड जरासा डावीकडं सरकवत होता. पोरं फिदीफिदी हसली. माझा तोफगोळा तिथंच फुसका निघाला.

मग आबा खाली आला आणि सगळी हकिकत कळली.

बंगला बांधणारा मकलम साहेब हा कालव्याच्या कामावरचा इंजिनिअर. "विंग्रज न्हवं हां, स्काटी," आबा बजावायचा. "विंग्रज म्हटलं की साहेबाच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या." स्कॉटलंडात त्याच्या पणजोबाचा म्हणे दगडी वाडा होता. पुढं घराणं खालावलं, छप्पर उतरलं, आणि हा बिचारा कुठल्यातरी शहरात भाड्याच्या खोलीत जन्मला. पणजोबाच्या घरात एकदा तरी राहायचं, एवढी एकच हौस. म्हणून त्यानं आमचा हा माळ निवडला, पेटीतून त्या घराचं एक छापील चित्र काढून आबाच्या बापाच्या, रामा मिस्तरीच्या, हातात ठेवलं आणि सांगितलं, "रामा, असंच पाहिजे. एक दगडही इकडचा तिकडं नको." आणि साहेब कालव्याच्या वरच्या अंगाला कामाला निघून गेला, तो वर्षभरानं परतला.

आता घोटाळा असा, की चित्र काढणाऱ्यानं ते घर पडल्यावर काढलेलं होतं. साहेबाच्या डोळ्यांना त्यात सगळं घर दिसायचं. रामा मिस्तरीला दिसलं ते चित्रात होतं तेवढंच. अर्धा बुरूज, बिनछपराची पश्चिम बाजू, तुटक्या कमानी. त्यानं पाथरवटांची टोळी लावली आणि बैलघाणीत मळलेला चुना वापरून, ओळंबा धरून, मोठ्या निगुतीनं एक पडकं घर नवंकोरं बांधून काढलं.

"अन् साहेब आला तेव्हा?" मी विचारलं.

"टांग्यातनं उतारला. बघितलं. मग खालीच बसला, मातीत. बाप बाजूला पागोटं सावरून हुबा, शाबासकी मिळंल म्हून. मी आठ वर्साचा आसंन. साहेब हसाया लागला, हसता हसता डोळं पुसाया लागला. म्हनला, रामा, बरोब्बर हाय."

साहेबानं मागच्या बाजूला दोन खोल्यांवर छप्पर घालून घेतलं आणि देश सोडून गेला तेव्हापर्यंत तिथंच राहिला. जाताना चित्र रामाला देऊन गेला; आबाच्या हातातल्या काचेच्या चौकटीत होतं ते हेच. पुढं ते छप्परही बसलं. त्यामुळं बंगल्यात आता दोन प्रकारची पडझड होती, आणि त्यांतला फरक जिल्ह्यात फक्त सखाआबाला ठाऊक होता. "ह्ये पडल्यालं हाय," तो पाहुण्याला हिंडवून दाखवायचा, "अन् ह्ये पडकं बांधल्यालं हाय. दोन्हीत गल्लत नगा करू."

पाटबंधारे खात्यानं त्याला कधीकाळी राखणदार नेमलं होतं म्हणे. खातं विसरलं, आबा विसरला नाही. भिंतीवर पिंपळाचं रोप आलं की उपट. "चित्रात हाय का? न्हाई. मग हितं कशाला?" चित्रात बुरुजाखाली तीन मेंढरं चरत होती, म्हणून आबाची मेंढरं कायम तीन. चौथं जन्मलं की दूध तुटल्याबरोबर ते कुणाच्यातरी दावणीला पोचतं व्हायचं. आमच्या शाळेच्या शिपायाकडं अशी चित्राबाहेरची चार मेंढरं होती.

एकदा मी आमच्या हिला बंगला दाखवायला नेलं. ती दमून एका कमानीला टेकली आणि एक दगड बोटभर हलला. आबानं शिडी आणली, चित्र आणलं, आणि दगड पहिल्या जागी बसेपर्यंत आम्हा दोघांना उन्हात उभं केलं. घरी येताना ही एवढंच म्हणाली, "निदान तो माणूस आपल्या पसाऱ्याची मांडणी तरी ठरवून करतो." माझं टेबल पाहून अजूनही ती विचारते, "हे चित्रात असंच आहे का?"

गावाला मात्र सगळ्याची थट्टा. शिंप्यानं एक बाही आखूड शिवली, की बाई म्हणायची, "काय ओ, रामा मिस्तरीकडनं शिवून आनलंत काय?" पेरणी वाकडी झाली, जावई घुम्या निघाला, कशालाही 'रामा मिस्तरीचं काम'. त्या थट्टेपायी रामाला पुढं साध्या गोठ्याचं कामही कुणी दिलं नाही. मुलगी तर त्या घरात कोण देणार? आबाचं लग्न राहिलं ते राहिलंच. हे मला आबानं नाही सांगितलं. इठाबाई म्हणून सत्तरीची एक म्हातारी होती, शाळेच्या मागं राहायची, तिनं सांगितलं. आबा एवढंच म्हणायचा, "चुकला आसंल तर चित्रकार चुकला. बाप चित्राबाहेर गेला न्हाई."

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले. गाव दुष्काळी कामावर जाऊ लागलं. खडी फोडायचं काम चार कोसांवर. बाया उजाडायच्या आधी पोरं काखेत मारून निघायच्या. एका सकाळी माळावर पाहिलं तर मेंढरं दिसेनात. आबानं ती कोकणात उतरणाऱ्या एका धनगराच्या हवाली केली होती.

मी थट्टेनं म्हटलं, "आबा, चित्रात तीन आहेत ना?"

"चित्रातल्यास्नी चारा लागत न्हाई, गुरुजी."

त्यानंतर मी थट्टा केली नाही.

पुढच्या आठवड्यात दुष्काळी कामांवरचे ओव्हरसियर आमच्या शाळेत आले. गावाच्या ओढ्यावर पाझर तलाव मंजूर होऊ शकत होता. बायांना चार कोस चालावं लागलं नसतं. अडचण एकच. सगळी काळी माती, बांधाला लावायला दगड जवळपास नाही. होता तो बंगल्यात. "सरकारीच आहे, उद्या पहारी लावल्या तरी मला कोण विचारतो," ओव्हरसियर म्हणाले, "पण तुमचे मजूर म्हणतात, आबा हो म्हणेपर्यंत दगडाला हात लावणार नाही. गुरुजी, तुम्ही शिकलेले. समजावा त्यांना."

शिकलेला माणूस समजवायला गेला. वाटेत चांगलं भाषण जुळवलं. लोककल्याण, त्याग, आणखी काय काय. आबा पायरीवर बसून ऐकत होता. भाषण संपल्यावर म्हणाला, "न्हाई."

"आबा, अहो..."

"माझ्या बापाला गाव चाळीस वर्सं हसलं. त्यो बराबर हुता, ह्याला साक्ष काय? ह्ये चित्र अन् ह्यो बुरूज. बुरूज ग्येला की चित्राला कोन पुसतंय?"

मी उठलो.

चार दिवसांनी कामावरून परतताना इठाबाई रस्त्यात चक्कर येऊन पडली. तिला बैलगाडीतून आणलं. दुसऱ्या सकाळी शाळा उघडायच्या आधी आबा माझ्या दारात. ही चहा घेऊन आली, तो त्यानं घेतला नाही.

"गुरुजी, शिडीवर चढलं की रस्ता दिसतो. जाताना बायांची रांग आसती. येताना रांग न्हाई ऱ्हात. येकेक येती. काल इठाबाय आलीच न्हाई. मी दिवस बुडंस्तवर हुबा."

त्यानं माळाकडं एकदा वळून पाहिलं.

"त्या रावसाहेबाला सांगा. पर साहेबाच्या खोल्यांस्नी हात लावायचा न्हाई. त्या मी राखतो, त्या देनारा मी कोन? बुरूज अन् पडकी बाजू, ती माझ्या बापाची. ती माझी हाय. ती न्या."

ओव्हरसियरांनी हिशेब मांडला. पडकाच बुरूज, अर्ध्या दिवसात खाली येईल. आठ गडी पाठवले. दुपारपर्यंत दोन पहारी वाकल्या आणि दगड निघाले मोजून पाच. चुना असा बसला होता, की दगड फुटत होता, सांधा सुटत नव्हता. खिंडाराची तुटकी कड तर सगळ्यांत चिवट. ओव्हरसियर टोपी काढून घाम पुसत म्हणाले, "अहो आबा, पडक्या भिंतीला इतका चुना कोण घालतं हो?"

"पडकी ठिवायची म्हंजी ती पडून चालत न्हाई, रावसाहेब."

गडी हसले. पण ते हसू नेहमीचं नव्हतं. एक म्हातारा पाथरवट सांध्यावरून बोट फिरवत राहिला, आणि मग ज्यानं त्यानं येऊन तसंच बोट फिरवून पाहिलं.

अर्ध्या दिवसाचं काम नऊ दिवस चाललं. आबा रोज घण घेऊन सगळ्यांत आधी हजर. कुठला दगड कुठल्यावर टेकलाय हे त्यालाच माहीत, म्हणून तो दाखवायचा आणि गडी पहार घालायचे. घमेली आणि पाट्या घेऊन बाया ओढ्यापर्यंत जायच्या. वाट सारी हाकेच्या अंतरावर. इठाबाईला बसून लहान दगड वेगळे करायचं काम दिलं होतं, पण ती काही बसायची नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली. बाया लिंबाखाली बसल्या. आबा नेहमीप्रमाणं एकटाच माळाकडं निघाला होता, तोच इठाबाईनं हाक मारली, "सखा, ये की हितं. वर काय ठिवलंय आता?"

तो थांबला. मग येऊन कडेला, अंग चोरून बसला. तिनं आपल्यातली अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा त्याच्या हातावर ठेवला. आणि स्वतःचे दोन्ही तळहात उघडून त्याच्या नाकासमोर धरले.

"बघ, फोड बघ! मुडद्यानं बांधलं तरी कसं म्हनायचं ह्ये! आमच्या साऱ्यांच्या हाताची सालटी काडली तुज्या बापानं."

बाकीच्या बायाही हसत हसत आपापले हात पुढं करू लागल्या. "माझं बी बघा आबा." "ह्यो अंगठा बघा." "रातच्याला चुलीपुढं बसवंना!"

आबा एकेक हात नीट बघत होता. घाई न करता. मग त्यानं मान खाली घातली.

"व्हय," म्हणाला, "काम लई पक्कं हुतं त्याचं."

आणि बाया भाकरी संपवून उठल्या, पाट्या डोक्यावर चढल्या, तरी तो तिथंच बसून होता.