कमोडचा पहिला मान

लिलाधरला न येणारी विद्या अजून जगात जन्मायची होती. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं, आणि त्याची बायको रीना लग्नापासून त्या मताचा पसारा आवरत आली होती. त्यानं पंख्याला हात लावला तेव्हा अर्ध्या गल्लीची वीज गेली. कुकरची शिटी दुरुस्त केली तेव्हा वरण छताला लागलं, त्याचा डाग अजून तिथेच आहे. त्यामुळे यंदाच्या मंडईच्या जत्रेआधी घरात स्वतःच्या हातानं कमोड बसवतो, असं त्यानं जाहीर केलं तेव्हा रीनानं आधी त्या डागाकडे पाहिलं.

पण नाही म्हणवेना. कारण कमोड तिच्या आईसाठी होता. पवनीच्या सखाबाईंचे गुडघे कामातून गेले होते, उकिडवं बसणं जमत नव्हतं. साकोलीजवळच्या या गावात दिवाळीनंतर मंडई भरली की घरोघरचे पाहुणे चार-चार दिवस मुक्काम ठोकत. सखाबाई मात्र सकाळी येत, घोटभर चहावर दिवस काढत आणि संध्याकाळच्या बसनं परत जात. लेकीच्या घरी पोटभर पाणी प्यायचीही चोरी! आई चार दिवस राहावी, दुपारी शेजारी आडवं पडून निवांत बोलावं, एवढंच रीनाला हवं होतं. त्या आशेपायी तिनं नवऱ्यावर विश्वास ठेवला. आशा माणसाला काय काय करायला लावते!

इश्वर गवंडी आपण होऊन विचारायला आला होता. लिलाधरनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मोबाइलवर त्यानं परदेशातल्या कुठल्याशा गोऱ्या माणसाचे व्हिडिओ पाहिले होते, मग गवंडी कशाला? त्यानं पहिल्याच दिवशी संडासातलं जुनं भांडं फोडून टाकलं, म्हणजे माघार घ्यायला जागा उरली नाही. मग काँक्रीट ओतलं आणि पाइपाच्या तोंडाशी फ्लँज बसवला. कमोड आणि जमिनीतला पाइप यांना जोडणारी ती गोल कडी त्यानं गल्लीतल्या प्रत्येकाला हातात घ्यायला लावली होती, एखाद्या स्पर्धेत मिळालेलं पदक दाखवावं तशी.

"आता याले तराई पायजे, काँक्रीट पान्याखाली मुरू द्या लागते," तो रीनाला म्हणाला. "आमी पिढीजात धानवाले. पानी कसं अडवाचं, हे मले त्या व्हिडिओवाल्यानं नाई शिकवाचं."

आणि इथे त्यानं व्हिडिओ बंद केला. संडासाच्या दारात चिखलाची पाळ घातली. पाणी पाइपातून निसटू नये म्हणून तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, भला मोठा बोळा वळला, त्यात काळी माती कालवली आणि धानाच्या फुटलेल्या बांधीचं, म्हणजे खाचराचं, तोंड बुजवतात तसा तो पाइपात टाचेनं ठासून बसवला. वर घोटाभर पाणी सोडलं. रोवणी करायचीच काय ती बाकी होती! तिसऱ्या दिवशी तिथे बेडूक आला.

तोवर सगळं घर शेजारच्या देवकाबाईंकडे जात होतं. देवकाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू रोज थोडं थोडं आटत गेलं. बांधीतलं पाणी मात्र आटत नव्हतं, आणि लिलाधर त्याच्याकडे पाहून खूश होता. अखेर मंडई तोंडावर आली तेव्हा त्यानं पाणी उपसलं, घाईघाईनं कमोड ठेवला, नट आवळले, कडेनं पांढरं सिमेंट लावलं आणि दाराला कुलूप घातलं. एकदा बादलीभर पाणी तरी ओतून पाहा, असं रीनानं सुचवलं. त्यावर तो दुखावला. पहिला मान सासूबाईंचा, त्यांच्या आधी त्यात थेंब पडणार नाही, असं त्यानं बजावलं.

मंडईच्या दिवशी सखाबाई आल्या. या खेपेला चक्क पिशवीत चार लुगडी घेऊन! रीनाचा जीव सुपाएवढा झाला. लिलाधरनं पाहुण्यांना गोळा केलं, कुलूप उघडलं, कमोडला घातलेला झेंडूचा हार सारखा केला आणि वापर कसा करायचा हे सासूबाईंना दाखवण्यासाठी खटका दाबला.

पाणी आलं. आलं ते थांबलं आणि मग हळूहळू वर चढू लागलं. हारातून आत गळलेली झेंडूची फुलं तरंगायला लागली. पाणी काठाशी येऊन थबकलं.

"हवा धरली असन," लिलाधर म्हणाला. "आन एक बकेट."

रीनानं आणली नाही, म्हणून त्यानं स्वतः आणली. ती ओतल्यावर पाणी काठावरून उतरलं, पाळ अजून शाबूत असल्यामुळे थोडा वेळ तुंबलं, मग पाळ फोडून अंगणात पाहुण्यांच्या चपलांकडे निघालं. तेवढ्यात रीनाला तणसाचा बोळा आठवला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही आठवला होता, पण तो छताकडे पाहत होता.

पुढचा तासभर ठोकाठोकी चालली. पांढरं सिमेंट निघेना, कमोड उचलताना फ्लँजचे दोन तुकडे झाले. शेवटी चौघांनी मिळून कमोड अंगणात आणून ठेवला. समोरच्या चौकात दंडारीचा नाच-तमाशा रंगात आला होता, अंगणात खुर्च्या कमी होत्या. सखाबाईंनी पदरानं कमोडचं झाकण पुसलं आणि त्या त्यावर ऐसपैस बसल्या. लोक हसतात म्हणून लिलाधर त्यांना उठवायला गेला.

"बसू द्या ना," त्या म्हणाल्या. "पहिला मान माहाच हाय म्हने."

संध्याकाळी बसची वेळ झाली तेव्हा अंगणात एकीऐवजी दोन पिशव्या होत्या. रीना पदर खोचून संडासाच्या दाराशी उभी राहिली. आत लिलाधर पालथा पडून खांद्यापर्यंत हात पाइपात घालून होता.

"मी चार दिवस आईसंग पवनीले चालली," ती म्हणाली. "पाहुने तुमी पाहा."

पाहुणे दोन खोल्या भरून होते. देवकाबाईंनी दुपारीच आपल्या संडासाला कुलूप लावलं होतं. लिलाधरनं मान वर केली, त्याच्या मिशीला चिखल लागला होता. त्यानं केविलवाण्या आवाजात सांगितलं, की बोळा काही केल्या निघून नाही राहिला.

सखाबाईंनी लेकीच्या खांद्यावर हात टेकून आत डोकावून पाहिलं.

"राहू द्या तो, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातचं एवढं एकच काम पक्कं झालं हाय."