घराचा दुसरा ब्रेक

“घर चालवायला असं काय लागतं? खांबावर गाडी घालणारी माणसं मी सरळ केलीत, घर काय चीज आहे!” बायको बॅग भरून बहिणीकडे निघून गेली, त्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी हे वाक्य आरशाला ऐकवलं. दुसरं कुणी ऐकायला घरात उरलंच नव्हतं.

मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. समोर मांजर दिसलं, की मास्तरांचा पाय खाली! मांजर दिसेल असं नुसतं वाटलं, तरी खाली! ही सवय गाडीतून उतरल्यावरही सुटायची नाही. बायको बोलायला लागली, की अर्ध्या वाक्यात ब्रेक. पडद्याचं कापड निवडायला लागली, की ब्रेक. नोकरी करते म्हणाली, तेव्हा तर करकचून! जाताना ती एवढंच म्हणाली, “तुमच्या शेजारी बसून जगायचं म्हणजे जन्मभर शिकाऊच राहायचं.”

चार दिवसांसाठी गेलेली बाई महिना उलटला तरी परतली नाही. फोन करावा असं मास्तरांना रोज वाटे. पण आधी कुणी करायचा, या प्रश्नापाशी त्यांची गाडी बंद पडे.

जाण्याआधी तिने एक उद्योग करून ठेवला होता. घरातल्या प्रत्येक बोर्डावर स्मार्ट प्लग! फोनवरून जगात कुठूनही एकेक प्लग वेगवेगळा चालू-बंद करायचा. अ‍ॅप होतं तिच्या फोनमध्ये. मास्तरांनी तेव्हा पोटभर टिंगल केली होती. “आपल्याला हात आहेत की, बटणं दाबायला!”

आता ते प्लग सूड उगवू लागले. सकाळी शर्टाची एक बाही झाली, की इस्त्री गार! मास्तर एका कडक आणि एका चुरगळलेल्या बाहीने कामावर जाऊ लागले. टीव्हीवर खुनी कोण हे पोलीस सांगणार, तेवढ्यात पडदा काळा! असे तीन खुनी सुटल्यावर त्यांनी वायरमनला बोलावलं.

वायरमनने सगळे बोर्ड उघडून पाहिले. “लाइन ठणठणीत आहे, मास्तर. हे प्लग एक तर कुणीतरी फोनवरून बंद करतंय, नाहीतर—”

“कळलं!” मास्तरांनी ब्रेक मारला.

“अहो, पण पुढचं—”

“कळलं म्हटलं ना!”

वायरमन गेला आणि मास्तर खुर्चीत बसले. आधी संताप आला. म्हणजे तिकडे बसून ही माझ्या घराचे ब्रेक दाबते! मग हळूहळू तो संताप कुठल्या कुठे गेला. म्हणजे ती बघते आहे. रोज ठरल्या वेळी, न चुकता, माझ्याकडे लक्ष ठेवून आहे. मास्तरांनी उठून बोर्डावरची धूळ रुमालाने पुसली.

त्या दिवसापासून घरात संसार सुरू झाला. मास्तर मुद्दाम इस्त्री चालू ठेवून कामावर जात आणि घरी येऊन बघत. बंद! “बरं बाई, चुकलं,” ते प्लगला म्हणत. टीव्ही बंद झाला, की “झोपतो, झोपतो” म्हणत मुकाट्याने उठत. सकाळी विजेची किटली आपोआप उकळू लागली, की “उठलोय गं!” अशी आतून हाक देत. दाढी रोज होऊ लागली. प्लगला डोळे नसतात हे त्यांना ठाऊक होतं, तरी!

गाडी शिकायला येणारी दातांची डॉक्टर एकदा म्हणाली, “मास्तर, आज तुम्ही ब्रेक मारलाच नाहीत!”

“आमच्या घरी आता तो दुसऱ्याकडे असतो,” मास्तर लाजून म्हणाले.

मग टोमॅटोचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी किटली काढून मास्तरांनी तिच्या प्लगला टोमॅटो भरलेला मिक्सर लावला. बटण फिरवलं, ढिम्म! झाकण काढून आत डोकावले, तरी ढिम्म. “आज टोमॅटो नको म्हणतेस? नको तर नको!” असं म्हणून ते पाव खाऊन झोपले. बटण फिरवलेलंच राहिलं, झाकण ओट्यावर राहिलं. सकाळी किटलीच्या वेळी मिक्सर गरजला! टोमॅटो छतावर, टोमॅटो भिंतीवर, आणि आवाजाने धावत आलेल्या मास्तरांच्या अंगभर!

खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि दारातच किंचाळल्या. “अगं बाई, रक्त! कुणी केलं हे?”

“बायकोनं,” मास्तर कौतुकाने म्हणाले.

“ती कुठे आहे इथे?”

“तिकडूनच करते. रोज करते!”

काकू दोन पावलं मागे सरकल्या आणि जिना उतरता उतरताच त्यांनी मास्तरांच्या बायकोला फोन लावला.

त्याच संध्याकाळी मास्तरांचा फोन वाजला. ते स्वयंपाकघरात होते, विजेच्या भांड्यात अंडी नुकतीच उकडायला लावली होती.

“अहो, काकू म्हणाल्या तुम्ही प्लगांशी बोलता. बरं आहे ना?”

“तू बोलतेस, मग मी नको बोलू? ती इस्त्री, तो टीव्ही... सगळं कळतं मला!”

“मी काही करत नाही हो. ते अ‍ॅप मी इथे आल्या आल्याच काढून टाकलं. निघायच्या आदल्या दिवशी वेळा लावून ठेवल्या होत्या, तुम्ही सगळं चालू ठेवून जाता म्हणून. एकदा वेळ लावली की प्लग आपला आपण चालतो. वायरमन बोलला नाही?”

“बोलत होता. मी मध्येच...”

“ब्रेक,” ती म्हणाली.

दोघंही थोडं हसली. मास्तरांना वाटलं, आत्ता विचारावं, कधी येतेस? पण ती बोलत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला पुरतं बोलू दिलं.

“मला इथे नोकरी लागली. छोटी गाडीही घेतलीय, जुनी. रोज चालवत जाते.”

मास्तरांचा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला. “जमते?”

“शेजारी कुणी नसलं की छान जमते.”

तेवढ्यात भांड्यावरचा लाल दिवा विझला.

“दिवा गेला,” मास्तर म्हणाले.

“आठ वाजले असतील. वायरमनला सांगू का, वेळा काढून टाकेल?”

“नको!” मास्तर घाईने म्हणाले. “राहू दे. काही त्रास नाही त्यांचा.”

“बरं. जेवून घ्या.”

फोन ठेवून मास्तरांनी आज्ञाधारकपणे ताट घेतलं आणि अंडं फोडलं. ते कच्चंच होतं. घळघळत थेट बाहीवर आलं, इस्त्री केलेल्या!