फर्मान कुठेही जाणार नाही

आमच्या शेजारच्या आंजर्लेकरकाकांच्या हॉलमध्ये छताला बॉम्बफेकी विमान टांगलेलं आहे. पुठ्ठ्याचं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं फ्रेंच विमान, नाव फार्मान. काका म्हणतात फर्मान. दिसायला म्हणाल तर कपाटाला पंख फुटल्यासारखं, पण तसं बोलायची सोय नाही.

"कुरूप? अहो, चार इंजिनं आहेत त्याला, पाठीला पाठ लावून! दोन ओढणार, दोन ढकलणार. आहे का असं काही तुमच्याकडे?"

आमच्याकडे नव्हतंच.

काका एकटे. लग्न केलं नाही, "ठरवून!" दिवसभर ऑफिसात वर्ल्डकपच्या स्टेडियमसाठी एसी डक्टची ड्रॉइंग्ज काढायची आणि संध्याकाळी घरी पंख चिकटवत बसायचं. आखातातलं आमचं अख्खं अल गराफा उपनगर फुटबॉलने झपाटलेलं, पण या गृहस्थाला गोल आणि कॉर्नरमधला फरक माहीत नव्हता. करून घ्यायचाही नव्हता.

अशात वर्ल्डकपच्या पाहुण्यांसाठी आम्ही भाडेकरू राहत होतो तो अख्खा व्हिला रंगवायचा ठरला आणि मालकाचं फर्मान आलं: हॉल रिकामा करा.

निरोप घेऊन नवा केअरटेकर खानभाई आला. काका दार अडवून उभे.

"फर्मान इधरच रहेगा! उसको हिलाया तो बाजू टूट जाएगा. मैं भी नहीं जाएगा. खलास!"

मी शेजारच्या दारातून ऐकत होतो. खानभाईचा चेहरा पडला. त्याच्या हिंदीत बाजू म्हणजे हात आणि फर्मान हे माणसाचं नाव; त्याला वाटलं, फर्मान म्हणजे काकांचा अंथरुणाला खिळलेला मुलगा! त्याने परस्पर मालकाला तसं सांगितलं आणि मालक विरघळला. काकांचा हॉल तेवढा रंगाविना राहिला.

तेव्हापासून खानभाई रोज विचारतो, "चाचा, फर्मान कैसा है?"

"ठीक है. बाजू थोडा ढीला है."

"अल्ला शिफा देगा. ठीक हो जाएगा."

हे ऐकून माझी हसून पुरेवाट होई. शेवटी एकदा मी म्हटलं, "काका, सांगून टाका की त्याला खरं काय ते."

काका उसळले. "नाही सांगणार! काय करायचं ते करा!" मग गमाचा ब्रश पुसत पुसत हळूच म्हणाले, "इतकी वर्षं इथे काढली. ड्रॉइंग कुठवर आलं, हे सगळे विचारतात. घरी कसं आहे, हे तोच एकटा विचारतो."

तेवढ्यात बेल वाजली. दारात खानभाई, हातात डाळिंबांची पिशवी. "फर्मान के लिए."

काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली. तो गेल्यावरही त्यांनी बराच वेळ दार लावलं नाही.